पाठीवरचं वीजघर

मुंबईहून आलेली गाडी भुसावळला थांबली की आम्ही पोरं केळीवाल्यांच्या पाट्यांमधून वाट काढत फलाटाच्या पुढच्या टोकाला पळायचो. ही १९८५-८६ ची गोष्ट. विजेच्या तारा तेव्हा भुसावळातच संपत होत्या. विजेचं इंजिन इथे सुटायचं आणि पुढे खंडव्याकडे किंवा नागपूरकडे जायला डिझेल लागायचं. शंटमन इंजिन आणि डब्याच्या मधल्या फटीत उतरायचा, स्क्रू-कपलिंग फिरवून सैल करायचा, व्हॅक्यूम ब्रेकचा पाइप ओढून काढायचा, आणि विजेचं इंजिन काही न बोलता निघून जायचं. मग मागे मागे येत डिझेल लागायचं. ते मात्र बोलत यायचं. फलाटाची फरशी पायाखाली थरथरायची. जोड लागला की ड्रायव्हर व्हॅक्यूमचा काटा चढायची वाट बघायचा आणि शिट्टी देऊन पहिला नॉच, म्हणजे जोर वाढवायची पहिली पायरी, टाकायचा. एक काळा ढग वर जायचा, फलाटावरच्या बायका पदर नाकाला लावायच्या आणि गाडी हलायची.

मामा त्या काळात डिझेलवर असिस्टंट होता, पुढे ड्रायव्हर झाला. घरी आल्यावर तीनदा साबण लावून आंघोळ केली तरी त्याच्या मानेला डिझेलचा वास असायचा. मामी म्हणायची, यांचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवायचा, नाहीतर सगळ्या घराला इटारसीच्या डिझेल शेडचा वास येतो.

हे सगळं आज आठवायचं कारण असं की ज्या इंजिनांनी हा भाग पाव शतक ओढला, त्यांची पुढची पिढी आज ठिकठिकाणच्या यार्डांत रांगेने उभी आहे. विद्युतीकरणामुळे काम न उरलेली, पण चालू शकणारी ५८५ डिझेल इंजिनं मार्च २०२३ मध्ये उभी होती, असं माहितीच्या अधिकारात बाहेर आलं. मी विद्युतीकरणाच्या विरोधात नाही. त्याबद्दल पुढे बोलतोच. पण इंजिन कधी निवृत्त करायचं हे त्याच्या अंगात किती काम शिल्लक आहे त्यावरून ठरावं, की तारांचं उद्दिष्ट कोणत्या तारखेला पुरं करायचं जाहीर झालंय त्यावरून? माझं म्हणणं पहिल्या बाजूचं आहे, आणि त्यासाठी आधी त्या इंजिनाची कुळकथा सांगावी लागेल.

नाव डब्ल्यूडीएम-२. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं, आणि २ म्हणजे त्या जातीतलं दुसरं. पहिलं डब्ल्यूडीएम-१, ते १९५७ पासून अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून तयारच आलं, १०० नग. दुसऱ्याच्या वेळी आपल्या लोकांनी वेगळा विचार केला. जनरल मोटर्सचीही ७२ इंजिनं त्याच सुमारास येऊन गेली होती आणि ती आल्कोपेक्षा सरस होती असं छातीठोक सांगणारे जुने लोक आजही भेटतात. पण नकाशांसकट सगळं ज्ञान द्यायची तयारी आल्कोने दाखवली. आपल्याला इंजिनं विकत नको होती, इंजिनं बनवायला शिकायचं होतं. १९६२ मध्ये आल्कोची पहिली इंजिनं उतरली, वाराणसीला कारखाना उभा राहिला, आणि ३ जानेवारी १९६४ ला तिथलं पहिलं इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं.

पुढचा भाग मला फार आवडतो. आल्कोने १९६९ मध्ये रेल्वे इंजिनं बनवायचं कामच बंद केलं. घराणं तिकडे बुडालं आणि वंश इकडे बनारसला गंगेकाठी वाढत राहिला. १९९८ पर्यंत डब्ल्यूडीएम-२ अडीच हजारांहून जास्त बनली. त्याच घडणीतून ३,१०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-३ए निघालं, मालगाडीसाठीचं डब्ल्यूडीजी-३ए निघालं, ३,३०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-३डी निघालं. शेडमधल्या माणसांना ही सगळी अक्षरं लागत नाहीत. ते सरसकट ‘आल्को’ म्हणतात.

मूळ इंजिन २,६०० अश्वशक्तीचं, सोळा सिलिंडरचं, वजन ११२.८ टन. नुसतं उभं असताना मिनिटाला ४०० फेरे, आठव्या नॉचला १,०००. लोकांचा समज असा की डिझेल इंजिन ट्रकसारखं गिअरने चाकं फिरवतं. तसं नाही. आतला डिझेलचा गाडा एक जनरेटर फिरवतो, त्याची वीज खाली सहा आसांवरच्या सहा मोटरींना जाते आणि चाकं त्या मोटरी फिरवतात. म्हणजे ज्याला आपण डिझेल म्हणतो ते खरं तर विजेचंच इंजिन, फक्त स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन फिरणारं. पालावरचा माणूस जसा चूलसुद्धा गाढवावर लादून निघतो, तसं. हे एकदा ध्यानात घेतलं की डिझेल विरुद्ध वीज हे भांडण निम्मं मिटतं. प्रश्न एवढाच उरतो की वीजघर गाडीवर ठेवायचं की जमिनीवर.

त्या काळ्या धुराचंही कारण सांगून टाकतो, कारण त्याच्यावरून या इंजिनाला फार शिव्या बसल्या. नॉच वाढवला की तेल लगेच आत जातं, पण हवा ढकलणारा टर्बो हा धुराच्याच जोरावर फिरतो. त्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो. तेल आलं, हवा आली नाही, तर जळणार कसं? मग अर्धवट जळलेलं काजळ होऊन बाहेर. मामा म्हणायचा, “उपाशीपोटी पुरणपोळी खाल्ली ना भो, त ठसका लागतोच.”

या इंजिनाने काय दिलं ते खान्देशातल्या माणसाला पंजाब मेलवरून कळेल. १९१२ पासून ही गाडी आपल्याकडून जाते. १९६८ मध्ये झांशीपर्यंत तिला डिझेल लागलं तेव्हा १२ डब्यांची १५ झाली, आणि १९७६ मध्ये फिरोजपूरपर्यंत डिझेल गेलं तेव्हा १८. सहा डबे म्हणजे चारशे-पाचशे माणसं रोज. कोळसा-पाण्यासाठी थांबणं नाही, वाटेत आगीची राख काढणं नाही. केळीचंही तसंच. सावदा, निंभोरा, रावेर इथून केळी वॅगनमध्ये भरून उत्तरेकडे जायची. केळ वाट बघत नाही. दोन दिवस उशीर झाला की घड काळा पडतो आणि शेतकऱ्याच्या हाती भाड्याची पावती उरते. रावेर-सावद्याच्या बागाईतदाराला इंजिनाचा वर्ग ठाऊक असायचं कारण नाही, पण वॅगन ‘डिझेलने लागली’ की जीव भांड्यात पडायचा.

अर्थात त्याआधीचं इंजिन घालवून हे आलं होतं, आणि भुसावळने ते काही फुलं उधळून स्वीकारलं नव्हतं. वाफेच्या काळात भुसावळचं लोको, म्हणजे इंजिनांची शेड, हे एक गावच होतं. आशियातलं सगळ्यात मोठं, असं भुसावळकर अजूनही सांगतात आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. फायरमन, बॉयलरवाले, राख काढणारे, कोळसा चढवणारे, पहाटे घरोघर जाऊन ड्रायव्हरला उठवणारे कॉलबॉय, सगळ्यांच्या चुली त्या धुरावर. डिझेलला कोळसा चढवावा लागत नाही. शिवाय डिझेलची शेडही भुसावळला झाली नाही. आपल्या वाट्याला विजेच्या इंजिनांची शेड आणि कारखाना आला. म्हणजे डिझेल इथे पाहुणं म्हणून आलं, वीस-पंचवीस वर्षं राबलं आणि १९९० च्या आसपास खंडव्याकडच्या आणि बडनेऱ्याकडच्या तारा पुऱ्या झाल्यावर मुख्य मार्गावरून गेलं. सुरत मार्गावर, म्हणजे धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडे ते आणखी कितीतरी वर्षं टिकलं. चाळीसगाव–धुळे फाट्यावर तर अगदी परवापरवापर्यंत. ५६ किलोमीटरच्या त्या फाट्यावर जामदा, राजमाने, शिरूड अशी स्टेशनं घेत मोजके डबे ओढायला एवढं मोठं धूड लावलेलं असायचं. बैलगाडीला हत्ती जुंपल्यासारखं दिसायचं ते. आता तिथे मेमू, म्हणजे वेगळं इंजिन न लागणारी विजेची गाडी, धावते आणि ती चांगली धावते.

म्हणून म्हटलं, विद्युतीकरणाच्या विरोधात मी नाही. विजेचं एक डब्ल्यूएजी-९ सहा हजारांच्या वर अश्वशक्ती देतं. तेवढ्यासाठी दोन आल्को जोडावी लागतील. तेल बाहेरून विकत आणावं लागतं, डॉलर मोजून. विजेचं इंजिन उतारावर ब्रेक लावताना वीज परत तारेत देऊ शकतं. स्टेशनलगत राहणाऱ्यांच्या छातीत धूर जात नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उरलेल्या १३,६७५ किलोमीटर ब्रॉडगेजच्या विद्युतीकरणाला १२,१३४ कोटी रुपये मंजूर केले आणि आज ९८ टक्क्यांच्या वर काम झालंय. एवढं मोठं सरकारी काम पुरं होत आलेलं आपण किती वेळा बघतो? कौतुक करायला हवं.

फक्त त्या कौतुकात एक वाक्य नेहमी ऐकू येतं, की आता रेल्वे ‘प्रदूषणमुक्त’ झाली. भुसावळच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. दीपनगर कुठे आहे? भुसावळच्या शिवेवर. तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात, शिवाय नवा ६६० मेगावॅटचा. कोळसा येतो रेल्वेने, विजेच्या इंजिनामागे. कोळशाची वीज ओढते कोळशाच्या वॅगनी, त्या कोळशाची पुन्हा वीज. पाठीवरचं वीजघर उतरवून आपण दीपनगरात ठेवलं आणि धुराची चिमणी उंच केली, एवढं आजवर झालं. उद्या सूर्याची वीज तारेत जास्त येईल तेव्हा गणित खरोखर बदलेल. आपल्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, म्हणजे वाट दिसते आहे. तारांचा हा फायदा खराच आहे की वरची वीज बदलली तरी खालचं इंजिन बदलावं लागत नाही. मात्र ज्या दिवशी तार लागली त्याच दिवशी पाप धुतलं गेलं असं धरून चांगली इंजिनं मोडीत काढायला निघालो, तर हिशेब चुकतो.

तो हिशेब असा. डिझेल इंजिनाचं कागदोपत्री आयुष्य ३६ वर्षं. वाराणसीत रेल्वेसाठी आल्को घडणीची इंजिनं २००० साल उलटल्यानंतरही कितीतरी वर्षं बनत होती. २०१० च्या आसपास बाहेर पडलेलं इंजिन आज अर्ध्या आयुष्यालाही आलेलं नाही. त्यात सहा मोटरी आहेत, बोगी आहेत, शंभरावर टन पोलाद आहे, ते बनवायला जळलेला कोळसा आहे. ते अर्ध्यात टाकणं म्हणजे जळलेला कोळसा वाया घालवणं. पर्यावरणाच्या नावाने नवं घ्यायचं आणि जुनं वय शिल्लक असताना फेकायचं, हा व्यवहार आपल्या घरातल्या कोणत्याही म्हातारीला विचारा, ती काय म्हणेल ते मी लिहीत नाही.

आपल्याकडे पाटा झिजून गुळगुळीत झाला की फेकत नसत. टाकीवाली दारावरून ओरडत जायची, तिला बोलावून पाटा टाकवून घ्यायचे. छिन्नीचे चार हात पडले की चटणी पुन्हा वाटली जायची. रेल्वेनेही चाळीस वर्षं नेमकं हेच केलं. पतियाळाचा डिझेल कारखाना १९८१ मध्ये त्यासाठीच निघाला. निम्मं आयुष्य झालेली डब्ल्यूडीएम-२ तिथे जायची, हाडापर्यंत सोलली जायची आणि २,६०० ची ३,१०० अश्वशक्ती होऊन बाहेर पडायची. व्हॅक्यूम ब्रेकची इंजिनं एअर ब्रेकची झाली. परक्या देशातल्या बंद पडलेल्या कंपनीच्या घडणीवर आपल्या फिटरांनी, फोरमननी, रेखाटनं काढणाऱ्यांनी सुधारणा रचत नेल्या. माझ्या मते डब्ल्यूडीएम-२ ची खरी कमाई ही आहे. वेगाचे विक्रम नाहीत, देखणेपणा तर नाहीच. इंजिनाचं लांब नाक, म्हणजे यंत्राचा लांब भाग, पुढे करून चालवायची वेळ आली तर ड्रायव्हरला एका बाजूचा सिग्नल दिसायचा नाही, असिस्टंटने ओरडून सांगायचा. पण दुरुस्त होत राहण्याची जी तयारी त्यात होती, ती रेल्वेच्या अंगवळणी पडली.

ती सवय आता का सुटली? सुटू नये म्हणून एक प्रयत्न झाला होता. वाराणसीतच दोन डिझेल इंजिनांमधली डिझेलची यंत्रं काढून, वर तारेतून वीज घेणारा पॅन्टोग्राफ बसवून, मिळून १०,००० अश्वशक्तीचं जोड-इंजिन केलं. डिसेंबर २०१७ मध्ये हात लावला आणि ६९ दिवसांत काम पुरं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला. पाठीवरचं वीजघर उतरवलं की खाली विजेचंच इंजिन उरतं, हे इतकं उघड करून दाखवणारं दुसरं उदाहरण नाही. पण अशी मोजकीच इंजिनं झाली आणि ती वाट बुजली. नवं विजेचं इंजिन घेणंच फायद्याचं, असं गणित निघालं असेल तर असू शकतं. जुन्या सांगाड्यात नवा जीव घालणं नेहमी स्वस्त पडतं असं मी म्हणत नाही. ते गणित मात्र लोकांसमोर कधी मांडलं गेलं नाही. एवढ्या इंजिनांचं किती आयुष्य शिल्लक आहे, फिरवायला किती खर्च, मोडीत किती मिळतील, बाहेर देऊन किती, हा तक्ता संसदेत ठेवायला काय हरकत आहे?

बाहेर दिलीही आहेत. जुलै २०२० मध्ये बांगलादेशाला दहा ब्रॉडगेज डिझेल इंजिनं दिली, मे २०२३ मध्ये आणखी वीस. त्यांची गरज भागली, आपली इंजिनं चालती राहिली. यार्डात उभी करण्यापेक्षा हे हजारपट चांगलं. ‘उभी करणं’ हा शब्द फार फसवा आहे. माणसाला वाटतं, उभंच तर आहे, लागेल तेव्हा काढू. मामाला हे सांगितलं तेव्हा तो पाटावर बसून भरीत-भाकरी खात होता. कांद्याची पात बाजूला ठेवून म्हणाला, “याले जास्ती झोपू दिलं ना, त मग उठत नाही लवकर. बॅटरी बसते, रबर कडक होतं, पाण्याचे जोड गळाया लागतात. आमी त दोन-दोन तास नुसतं ढगढगत ठेवायचो, पण बंद नाही करायचो.” आता त्या ढगढगण्यातही तासाला वीस-पंचवीस लिटर तेल जायचं, ही उधळपट्टीच होती, आणि रेल्वेने पुढे त्यासाठी छोटं सहायक यंत्र बसवायला सुरुवात केली ते बरंच झालं. पण मामाचा मुद्दा खोटा नाही. चालवलं नाही ते इंजिन दोन पावसाळ्यांत आपोआप भंगार होतं. मग भंगारात काढताना कोणी म्हणायला मोकळा, की बघा, चालण्याजोगं नव्हतंच.

आपत्ती आणि संरक्षणाच्या गरजेसाठी काही डिझेल इंजिनं राखून ठेवायची, असं रेल्वेचं धोरण आहे. चांगलं आहे. त्याची गरज मी एकदा अनुभवली आहे. मे महिन्याची अखेर, संध्याकाळ, कजगाव ओलांडून गाडी पाचोऱ्याकडे निघालेली. आपल्याकडचं वळवाचं वादळ माहीत आहे तसं आलं, आधी लाल धूळ, मग काळोख, मग वारा. कुठल्यातरी लिंबाची फांदी तारेवर पडली आणि सगळं थांबलं. पंखे बंद, दिवे मंद. दोनेक तासांनी मागच्या बाजूने ओळखीची ढगढग ऐकू आली आणि डब्यातल्या दहा-बारा म्हाताऱ्यांनी एकदम माना वळवल्या. कोणाचीच चूक नव्हती. वाऱ्याने तार तुटली आणि तार नसलेलं इंजिन आम्हाला ओढून घेऊन गेलं, एवढीच गोष्ट. आता हे राखीव इंजिन रोज थोडंफार काम करत नसतं, तर त्या संध्याकाळी ते सुरू झालं असतं का, हा प्रश्न मी त्या रात्री पाचोऱ्याच्या फलाटावर कोणालातरी विचारला. तो हसून निघून गेला.

मग या इंजिनांना काम कुठे द्यायचं? उत्तर आपल्याच जिल्ह्यांत पडलं आहे.

पाचोरा–जामनेर. आमच्या भागातली ‘पीजे’. अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, पहिलं महायुद्ध संपता संपता सुरू झालेली. शेंदुर्णी, पहूर करत रमतगमत जायची. बाजाराच्या दिवशी टोपल्या, कोंबड्या, शाळेची पोरं, सगळं त्यात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत बंद झाली ती झालीच. ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत नेणार असं ठरलं आहे. त्याला हरकत घ्यायचं कारण नाही. छोटी गाडी गोड होती, पण जामनेरच्या पोराला कॉलेजला जायला गोडपणा पुरत नाही. आजची पद्धत मात्र अशी की नवा मार्ग किंवा बदललेला मार्ग तारांसकटच करायचा. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं, एकदाच खोदा, एकदाच बांधा. प्रत्यक्षात रूळ झाले, पूल झाले, फलाट झाला तरी तारांचे खांब, उपकेंद्र, तपासणी यांच्यासाठी थांबायचं. माझी मागणी साधी आहे. रूळ ज्या दिवशी प्रवाशांसाठी योग्य ठरतील त्या दिवशी गाडी सुरू करा, डिझेल लावून. तारा मागून येऊ द्या. खांब तर तसेही मार्ग चालू असताना उभे राहतात. धुळे फाट्यावर ते तसेच उभे राहिले. त्या सहा महिन्यांत, वर्षभरात, जी इंजिनं यार्डात मरत आहेत ती जामनेरच्या लोकांना पाचोऱ्यापर्यंत पोचवतील.

बोरविहीर–नरडाणा मार्गाचं तसंच. मनमाड–इंदूरचं तर त्याहून जास्त. ३०९ किलोमीटरचा, १८,०३६ कोटींचा तो मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. धुळ्याच्या दोन पिढ्या त्या मार्गाची आश्वासनं ऐकत म्हाताऱ्या झाल्या. एवढा लांब मार्ग एका दमात होत नाही, तुकड्या-तुकड्यांनी होतो. प्रत्येक तुकडा झाला की चालू करायचा असेल तर स्वतःचं वीजघर घेऊन फिरणाऱ्या इंजिनासारखं सोयीचं काही नाही. शिवाय खडी, स्लीपर, रूळ वाहणाऱ्या गाड्या तार नसलेल्या रुळांवरच चालतात. जळगाव–मनमाड चौथ्या मार्गाचं आणि भुसावळ–खंडवा तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं कामही मंजूर आहे. म्हणजे पुढची कितीतरी वर्षं खान्देशात रूळ टाकले जाणार आहेत. उभ्या इंजिनांतली थोडी इकडे आणून भुसावळच्या जवळ त्यांची देखभाल होईल एवढी सोय केली, तर हे काम विनासायास निघेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. देखभालीसाठी माणसं लागतात, सुटे भाग लागतात, डिझेल भरायची सोय लागते. थोड्या इंजिनांसाठी हा सगळा संसार मांडणं महाग पडतं. संसार मोठा असेल तरच स्वस्त. मान्य. म्हणूनच प्रत्येक विभागाने चार-चार इंजिनं जिवापाड सांभाळावीत असं मी म्हणत नाही. जिथे नवे रूळ पडत आहेत तिथेच ती एकत्र आणा, काम संपलं की पुढच्या ठिकाणी न्या. सर्कस जशी गावोगाव हिंडते. उरलेली विकायची असतील तर चालती असताना विका, गंज चढल्यावर किलोच्या भावाने नको.

माणसांचं काय, हा प्रश्न याच्या आत दडलेला आहे. इंजेक्टरचा आवाज कानाने ओळखणारा, कोणता सिलिंडर मुका आहे हे क्रँककेसवर हात ठेवून सांगणारा फिटर पुस्तकातून तयार होत नाही. शेडमध्ये दहा वर्षं जातात. डिझेल शेडमधल्या बऱ्याच जणांना आता विजेच्या इंजिनांचं प्रशिक्षण देऊन तिकडे वळवलं आहे, त्यांच्या नोकऱ्या टिकल्या, ही वाफेच्या वेळेपेक्षा सभ्य गोष्ट झाली. पण राखीव इंजिनं ठेवायची आणि ती ओळखणारी माणसं ठेवायची नाहीत, तर ते राखीव कशाचं? आज ज्यांचे केस पिकले आहेत ते निवृत्त झाले की डिझेलचा आवाज ऐकून दुखणं सांगणारं कोणी उरणार नाही. भुसावळला झोनल ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, रेल्वेचे लोक तिथे शिकायला येतात. त्या अंगणात एक चालतं आल्को उभं करायला काय हरकत आहे? रंगरंगोटी करून कुंपणात कोंडलेलं नको, त्यावर पोरं सेल्फी काढतात आणि बाकी काही शिकत नाहीत. आठवड्यातून एकदा क्रँक करून, नॉच टाकून, काळा धूर काढून दाखवता येईल असं. ज्याने तो ठसका एकदा जवळून ऐकला त्याला टर्बो काय असतो ते फळ्यावर समजावून सांगावं लागत नाही.

मामा आता लांबचं फार ऐकत नाही. टीव्ही मोठ्याने लावतो. यार्डाच्या बाजूच्या गल्लीत त्याचं घर आहे, रात्रभर विजेच्या मालगाड्या जातात, त्याला त्यांचा पत्ताही नसतो. गेल्या दिवाळीत आम्ही ओट्यावर बसलो होतो. खडीची गाडी घेऊन एक डिझेल हळू हळू गेलं. मामाने चहाचा कप खाली ठेवला, मान तिरकी केली आणि दोन बोटं वर केली. “दोन सिलिंडर मारून नाही राहिले,” म्हणाला. “शेडले सांगायला पायजे.” मग थोडा वेळ विचार करून विचारलं, “आता कोणत्या शेडले सांगायचं असतं रे?”